दोन भाऊ आणि त्यांची दानपत्रे

आमच्या आळीच्या टोकाला एक काकू राहतात. वय ऐंशीच्या घरात; पण अजून पहाटे उठून सडा घालतात आणि आळीतल्या प्रत्येक पोराला बापाच्या नावासकट ओळखतात. गेल्या श्रावणात एका संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत रुमालात बांधलेले कागद. भिंतीला टेकून बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही एवढाल्या कादंबऱ्या लिहिता. मला एक मृत्युपत्र लिहून द्या."

"काकू, कादंबरीत चूक झाली तर टीकाकार बोलतात. मृत्युपत्रात चूक झाली तर पुतणे कोर्टात जातात," मी म्हटले.

"जाऊ नयेत म्हणूनच आले ना!"

काकूंना मूलबाळ नाही. काका जाऊन वीस वर्षे झाली. दोन खोल्या, बँकेतली थोडी ठेव, चार बांगड्या आणि एक मोहनमाळ, एवढी त्यांची इस्टेट. पुतण्यांशी वैर नाही. पण पुतणे आपापल्या जागी खाऊनपिऊन सुखी आहेत. आमच्या शाळेतल्या ज्या मुली दहावीनंतर पैशावाचून घरी बसतात त्यांच्यासाठी काही करावे, असे काकूंच्या मनात आहे. कागद माझ्यापुढे सरकवून त्यांनी जो प्रश्न विचारला तो मात्र माझ्या डोक्यातून जाईना. "मी लिहून ठेवीन हो. पण मी गेल्यावर ते तसंच चालेल कशावरून? मेलेल्या माणसाला विचारतो कोण?"

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. कायदा माझ्या वाटेला कधी आला नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशी आमच्या गावच्या एका वकिलांकडे जाऊन बसलो. त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे : मृत्युपत्र ही माणसाची इच्छा. ती तो गेल्यावर अंमलात येते आणि जिवंत आहे तोवर कितीदाही बदलता येते. तिला स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात. विश्वस्तपत्र, म्हणजे आपण ज्याला ट्रस्टडीड म्हणतो ते, ही निराळी गोष्ट. त्यात माणूस जिवंतपणीच आपली मालमत्ता चारदोन विश्वस्तांच्या हवाली करतो आणि तिचे उत्पन्न कशासाठी खर्चायचे ते लिहून देतो. सही झाली की मालमत्ता त्याची राहत नाही. दोहोंचा मेळही घालता येतो. माझ्या पश्चात अमुक कामासाठी निधी करावा, असे मृत्युपत्रातच लिहिता येते.

वकीलसाहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला मोठी मौजेची वाटली. आपली मालमत्ता नातवंडा-पतवंडांसाठी पिढ्यान् पिढ्या बांधून ठेवायची कोणी म्हटले तर कायदा ते चालू देत नाही. हयात माणसांचे आयुष्य आणि त्यामागून जन्मणाऱ्या मुलाचे अज्ञानपण, एवढीच मुदत १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याने घालून दिली आहे. पण तीच मालमत्ता लोकांच्या उपयोगासाठी दिली तर ही मुदत लागू होत नाही. म्हणजे स्वतःच्या पणतूसाठी कायमचे ठेवता येत नाही. परक्याच्या पणतूसाठी ठेवता येते!

घरी परतताना मला टाटांच्या दोघा भावांची आठवण झाली. दोराबजी आणि रतनजी. दोघांनाही पोटी मूल नाही, दोघांपुढेही काकूंचाच प्रश्न. फरक एवढाच की काकूंची मोहनमाळ आहे आणि दोराबजींच्या घरी कोहिनूरच्या दुपटीहून मोठा हिरा होता.

या गोष्टीला सुरुवात त्यांच्या वडिलांपासून करावी लागते. जमशेटजी टाटा १८३९ साली नवसारीला जन्मले, मुंबईत वाढले, गिरण्या काढून श्रीमंत झाले. १८९२ साली त्यांनी उच्च शिक्षणासाठी विलायतेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांकरिता एक निधी काढला. त्यात एक मेख होती. पैसे मिळत ते दान म्हणून नव्हे, कर्ज म्हणून. शिकून मिळवता झालेल्याने ते फेडायचे, म्हणजे पुढच्याला मिळतील. आपले जयंत नारळीकर केंब्रिजला गेले ते याच निधीची शिष्यवृत्ती घेऊन. निधी काढल्याला तेव्हा साठ वर्षे उलटून गेली होती आणि काढणाऱ्याला जाऊन पन्नास.

पण जमशेटजींची मोठी इच्छा दुसरीच होती. शास्त्रांच्या उच्च संशोधनासाठी हिंदुस्थानात एक विद्यापीठ हवे, असे त्यांनी घेतले आणि १८९८ साली त्यासाठी मुंबईतल्या आपल्या चौदा इमारती आणि चार जमिनी देऊ केल्या. त्या वेळच्या भावाने ही तीस लाखांची मालमत्ता, त्यांच्या खाजगी संपत्तीचा निम्मा भाग. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी, नुकतेच मुंबईला उतरलेले व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्यापुढे ही योजना गेली. पुढे जे झाले ते सरकारी कचेरीत हेलपाटे घातलेल्या कोणालाही न सांगता कळेल. तज्ज्ञ आले, अहवाल झाले, त्यावर टिपणे झाली. १९०४ च्या मे महिन्यात जमशेटजी जर्मनीत बाड नाउहाइम येथे वारले, तेव्हा विद्यापीठाची एक वीटसुद्धा रचलेली नव्हती.

इथे काकूंचा प्रश्न उभा राहतो. मेलेल्या माणसाला विचारतो कोण? मालमत्ता देऊ केली होती, पण देणाऱ्याच्या हयातीत तो व्यवहार पुरा झाला नव्हता. मुलगे सरळ म्हणू शकले असते की वडिलांची हौस वडिलांबरोबर गेली. तीस लाखांची गोष्ट होती! दोघा भावांनी तसे केले नाही. ठरलेली मालमत्ता त्यांनी दिली, म्हैसूरच्या महाराजांकडून बंगळूरला ३७१ एकर जागा मिळाली, आणि १९०९ साली ती संस्था कागदावर कायम होऊन १९११ मध्ये पहिले विद्यार्थी आत आले. आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ती हीच. वडिलांची इच्छा आणि तिची पूर्तता यांच्यामध्ये पाच वर्षे नुसती पोरांच्या शब्दावर लोंबकळत राहिली होती. दोराबजींनी हे जवळून पाहिले, नव्हे, ओढून पार नेले. पुढे स्वतःची वेळ आली तेव्हा त्यांनी जी घाई केली तिचे मूळ मला तरी इथे दिसते.

आधी धाकट्याकडे वळतो, कारण आधी तोच गेला.

रतनजी १८७१ चे, थोरल्याहून अकरा-बारा वर्षांनी लहान. प्रकृती नाजूक, आवड चित्रांची, जुन्या वस्तूंची. लंडनजवळ ट्विकनहॅमला त्यांनी यॉर्क हाउस नावाचा जुना वाडा घेतला होता. एवढे ऐकून एखादा म्हणेल, बापाच्या पैशावर विलायतेत राहणारा शौकीन. पण त्यांच्या दानाची यादी पाहा. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींचा सत्याग्रह चालू होता आणि पैसा आटत आला होता, तेव्हा १९०९ साली यांनी पंचवीस हजार रुपये पाठवले. पुढे एकूण सव्वा लाख दिले. पुण्याला गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला वर्षाला दहा हजार, ओळीने दहा वर्षे. पाटण्याजवळ कुम्हरारला सम्राटांच्या पाटलिपुत्राचे उत्खनन सुरू झाले ते यांच्या पैशावर. तिथे मौर्यकालीन खांबांचा सभामंडप सापडला. आणि लंडनच्या स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गरिबीची कारणे शोधण्यासाठी त्यांनी एक अध्ययनकेंद्र काढून दिले. टॉनी नावाचा विद्वान त्याचा पहिला प्रमुख झाला आणि इंग्लंडातल्या मजुरांच्या किमान वेतनावर तिथून पुस्तके निघाली. हिंदी पैशावर इंग्रज गरिबांचा अभ्यास! मला ही गोष्ट वाचून हसू आले आणि थोडा अभिमानही वाटला.

रतनजींनी मृत्युपत्र केले १९१३ साली, म्हणजे वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. बेचाळिसावे वर्ष हे काही मृत्युपत्र करण्याचे वय नव्हे, असे आपल्याला वाटते. आपल्याकडे मृत्युपत्राचे नाव काढले की बायको म्हणते, "दिवेलागणीला असलं काय अभद्र!" पण त्या काळच्या वारसा कायद्यात एक कलम होते, ते ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्याला पुतण्या-भाचा किंवा त्याहून जवळचा नातलग आहे अशा माणसाने धर्मादायाला काही ठेवायचे तर ते मृत्युपत्र मरणाआधी निदान बारा महिने केलेले असावे, आणि केल्यापासून सहा महिन्यांत सरकारी जागी ठेवलेले असावे. मरणाच्या खाटेशी बसून कोणी धर्मगुरूने आजाऱ्याकडून सही घेऊ नये, असा त्यामागचा विलायती संशय. हिंदूंना ते कलम लागू नव्हते. पारशांना १९९१ साली त्यातून वगळले, आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच घटनाबाह्य ठरवले.

या मृत्युपत्रात रतनजींनी जे लिहिले ते शंभर वर्षांपूर्वीच्या एका शौकीन गृहस्थाने लिहिले असे वाटत नाही. आपला पैसा कोणत्या देवळाला, कोणत्या दवाखान्याला द्यावा हे ते सांगत बसले नाहीत. त्यांनी सांगितले ते असे की लायक माणसे नेमून समाजाच्या अडचणींचा शोध घ्यावा, त्यावरून व्यवहारी योजना आखाव्यात. तो शोध ठरीव साच्याने करू नये, शास्त्र आणि विचार यांत रोज जो नवा उजेड पडतो त्या उजेडात करावा. योजना नीट आखलेली नसेल तर पैसा देऊ नये. आणि ज्या संस्थेचे हिशेब वेळच्या वेळी तपासले जात नाहीत, विश्वस्तांना पाहायला खुले नाहीत, तिला मुळीच देऊ नये. उदार माणसाच्या अंगात इतका कोरडा हिशेबीपणा असावा याचे मला नवल वाटले. आमच्या गावच्या उत्सव कमितीला ही शेवटची अट लावली तर मांडव पडणार नाही!

५ सप्टेंबर १९१८ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हज या समुद्रकाठच्या गावी रतनजी वारले. १९१९ मध्ये त्यांच्या नावाचा निधी सुरू झाला. भांडवल ऐंशी लाख रुपये.

मागे राहिल्या नवाजबाई. आपल्याकडे मूल नसले की दत्तक घ्यायचा, वंश आणि वतन दोन्ही त्याच्या ओटीत घालायचे, ही चाल. त्या दत्तकापायी काय काय झाले ते झाशीच्या कथेपासून आपण जाणतो. नवाजबाईंनीही मुंबईच्या पारशी अनाथालयातला नवल नावाचा तेरा वर्षांचा मुलगा आपला केला. पण इस्टेटीचा मोठा भाग आधीच निधीकडे गेलेला होता. मुलाला घर मिळाले, नाव मिळाले, शिक्षण मिळाले. आणि पुढे नवाजबाई १९६५ मध्ये वारल्यावर त्या निधीचे अध्यक्षपद मिळाले. मालक म्हणून नव्हे, विश्वस्त म्हणून. ९ ऑक्टोबर २०२४ ला वारलेले रतन टाटा हे या नवलचे चिरंजीव, याच नवाजबाईंच्या हाताखाली वाढलेले.

आता थोरले दोराबजी. हा माणूस केंब्रिजला शिकलेला, काही दिवस मुंबईच्या वर्तमानपत्रात बातमीदारी केलेला आणि खेळाचा वेडा. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याशी त्यांचा घरोबा होता. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला आपल्याकडचे धावपटू आणि नवले, शिंदे हे कुस्तीगीर गेले ते दोराबजींच्या खटपटीने आणि पैशाने. बेळगावचे चौगुले तिथे मॅरेथॉन धावले. असो. खेळाचा विषय निघाला की मी वाहवतो.

दोराबजींचे लग्न झाले १८९८ मध्ये. ते अडतीस वर्षांचे, वधू अठराची. मेहेरबाई, म्हैसूर संस्थानात विद्याखात्याचे मोठे अधिकारी असलेल्या होरमसजी भाभांची कन्या. या बाई साडी नेसून टेनिस खेळत आणि सामने जिंकत. १९२७ साली अमेरिकेत मिशिगन प्रांतातल्या एका कॉलेजात त्यांनी बालविवाहाविरुद्ध भाषण दिले. आपल्याकडे त्याविरुद्धचा शारदा कायदा झाला तो त्यानंतर दोन वर्षांनी. अशा बायकोसाठी दोराबजींनी लग्नानंतर दोनेक वर्षांनी लंडनला एक हिरा घेतला. ज्युबिली त्याचे नाव, वजन २४५ कॅरटच्या वर, किंमत एक लाख पौंडांच्या घरात.

हा हिरा दोनदा घराबाहेर पडला. पहिल्यांदा १९२४ मध्ये. महायुद्धाच्या तेजीत जमशेदपूरचा कारखाना वाढवायला काढला होता. युद्ध संपले, पोलादाचे भाव कोसळले, जपानात भूकंप होऊन मोठे गिऱ्हाईक गेले. एक दिवस तार आली की पगाराला पैसे नाहीत. दोराबजींनी आपली सारी खाजगी मालमत्ता, बायकोच्या दागिन्यांसकट, इंपीरियल बँकेत तारण ठेवून एक कोट रुपये उचलले. बायकोचे दागिने गहाण टाकून मजुरांचे पगार भागवणारा कारखानदार मी कादंबरीत घातला असता तर वाचकांनी मला भाबडा म्हटले असते. मेहेरबाईंनी त्या वेळी काय म्हटले हे कुठे लिहिलेले नाही. कारखाना तगला, कर्ज फिटले, हिरा परत आला.

मग १९३१ चा जून. मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने आजारी होत्या. वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात १८ तारखेला त्या गेल्या. वय एक्कावन्न. पैसा होता, डॉक्टर होते, विलायत होती, औषध नव्हते.

दोराबजी बहात्तरीचे होते, एकटे होते, आणि स्वतःही फारसे बरे नव्हते. वडिलांची इच्छा पाच वर्षे लोंबकळलेली त्यांनी पाहिली होती. त्यांनी मृत्युपत्रावर विसंबून न राहता विश्वस्तपत्र करायचे ठरवले. म्हणजे जिवंतपणी, आपल्या हाताने, सही करून मोकळे व्हायचे. ११ मार्च १९३२ रोजी त्यांनी सही केली. टाटा सन्समधले आपले सारे भाग, जमिनी, घरे, मेहेरबाईंचे एकवीस दागिने, ज्युबिली हिरा. स्वतःच्या मोत्याच्या टायपिनीपर्यंत सगळे दिले. एकूण अंदाजे एक कोट रुपये. एप्रिलमध्ये बायकोच्या नावाने रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी वेगळा निधी केला; त्याच्या उत्पन्नातले पाचांत चार भाग जगभरच्या संशोधकांना आणि एक भाग हिंदुस्थानात, अशी वाटणी. ज्या रोगाने आपले माणूस नेले त्यावर आपल्याच देशात औषध सापडले पाहिजे असा त्यांचा हट्ट नव्हता. मग ते युरोपला निघाले. मेहेरबाईंना लंडनजवळ ब्रुकवुडच्या दफनभूमीत ठेवले होते. वर्षश्राद्धाच्या दिवशी तिथे जायचे होते. वाटेत जर्मनीत बाड किसिंगेन येथे ३ जून रोजी ते वारले. सहीला तीन महिनेही झाले नव्हते, वर्षश्राद्धाला पंधरा दिवस होते. ब्रुकवुडला मेहेरबाईंच्या शेजारीच त्यांना ठेवले आहे. रतनजीही तिथेच आहेत.

दोराबजींच्या दानपत्रात स्थळ, राष्ट्र, धर्म यांचा भेद न करता विद्या, संशोधन, आपद्ग्रस्तांचे दुःखनिवारण आणि इतर धर्मादाय कामे एवढेच हेतू सांगितलेले आहेत. मुंबईत जुन्या श्रीमंतांनी बांधलेल्या दगडी प्याऊ आहेत. सुंदर कोरीवकाम, वर कळस. त्या काळी बैलांना-घोड्यांना आणि वाटसरूंना त्यांनी पाणी पाजले. पुढे घरोघर नळ आले, घोडे गेले, आणि बऱ्याच प्याऊ कोरड्या पडल्या. दान वाईट नव्हते. दात्याने तहान एका जागी बांधून ठेवली होती, एवढेच. दोराबजींनी विश्वस्तांचे हात मोकळे ठेवले.

त्या मोकळ्या हातांनी काय केले? १९३६ साली नागपाड्याच्या वस्तीत काम करणाऱ्या क्लिफर्ड मॅनशार्ट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला हाताशी धरून समाजसेवेचे शास्त्र शिकवणारी शाळा काढली. देवनारची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस ती हीच. १९३७ मध्ये हिरा दुसऱ्यांदा आणि कायमचा घराबाहेर पडला. पॅरिसच्या एका धनिकाने तो घेतला, पैसा निधीत आला. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला ऐंशी खाटांचे टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले.

या रुग्णालयाच्या पायऱ्या मी चढलो आहे. आमच्या मामांना घशाचे दुखणे होते, त्यांना घेऊन परळला गेलो होतो. मुक्काम दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत. तिथे साऱ्या महाराष्ट्रातून, बंगाल-बिहारातूनही आलेले रोगी आणि त्यांची माणसे पथाऱ्या टाकून होती. ज्याने आयुष्यभर खापराच्या तुकड्यात जेवण केले त्याच्या धर्मशाळेत रात्री झोपायचे आणि ज्याच्या घरी ज्युबिली हिरा होता त्याच्या रुग्णालयात सकाळी नंबर लावायचा! नांदेडकडची एक म्हातारी माझ्याशेजारी बसली होती. तिने विचारले, "हे टाटा कोण हो? डाक्टर का?" मी म्हटले, "नाही आजी, त्यांची बायको या रोगाने गेली." ती म्हणाली, "मग बरोबर." मामा त्यानंतर चार वर्षे जगले.

आता ते रुग्णालय निधीकडे नाही. १९५७ साली सरकारच्या आरोग्य खात्याने आणि १९६२ पासून अणुशक्ती खात्याने ते चालवायला घेतले. अणुशक्ती खात्याचा कर्करोगाशी संबंध किरणोपचारामुळे. आणि ते खाते उभे करणारे होमी भाभा म्हणजे मेहेरबाईंचे सख्खे भाचे. या भाच्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. निधीच्या कायद्यात एक अट कडक असते : दात्याच्या नातलगांच्या खाजगी फायद्यासाठी पैसा वापरला तर करातली सूट जाते. भाभा १९४४ च्या मार्चमध्ये निधीकडे आले ते भाचा म्हणून वाटा मागायला नव्हे. त्यांनी एक पत्र लिहिले, त्यात मूलभूत संशोधनाच्या संस्थेची योजना होती. धाकट्या काकांनी मृत्युपत्रात म्हटले होते तशी नीट आखलेली. १९४५ मध्ये ती संस्था सुरू झाली, पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात काही काळ राहिली आणि मग कुलाब्याच्या टोकाला समुद्रकाठी गेली.

हे सारे वाचून कोणी भक्तिभावाने हात जोडील, तर त्याला एक बाजू आणखी दाखवली पाहिजे. दोघा भावांनी निधीला मुख्यतः रोकड दिली नाही, कंपनीचे भाग दिले. भाग निधीकडे गेल्यामुळे ते वारसांत वाटले गेले नाहीत, विकले गेले नाहीत. टाटा सन्सचे सुमारे दोन तृतीयांश भाग पुढे अशा वेगवेगळ्या निधींकडे जमले. नफा रुग्णालयांना आणि विद्यार्थ्यांना गेला हे खरे; पण कारखान्यांवरचा ताबा एका ठिकाणी राहिला हेही तितकेच खरे. आपल्याकडे तीन पिढ्यांत वाड्याच्या सात भिंती होतात आणि विहिरीला पाळ्या लागतात. त्यांच्याकडे वाडा अखंड राहिला. धर्म आणि धंदा इथे एकाच गाडीत बसले आहेत, आणि विश्वस्तांमध्ये मतभेद झाले की त्याचे हादरे थेट कारखान्यापर्यंत जातात. मात्र मृत्युकर चुकवण्यासाठी हे केले, असा आरोप करता येणार नाही. आपल्याकडे तो कर १९५३ ते १९८५ एवढीच वर्षे होता. त्या काळात कित्येक श्रीमंतांना एकाएकी दानधर्म सुचला ही गोष्ट निराळी. हे दोघे भाऊ त्याच्या कितीतरी आधी गेले होते.

नवरात्राच्या सुमारास काकू पुन्हा आल्या. या वेळी अटींची यादी घेऊन. मुलगी गावातलीच हवी. गणितात पहिली हवी. नर्सिंगच शिकायला हवी, कारण काकांना शेवटी एका नर्सने फार सांभाळले होते. दरवर्षी काकांच्या तसबिरीला हार. मी त्यांना प्याऊची गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "नर्सिंग खोडा. गणितही खोडा, मलाच कधी आलं नाही. हार राहू द्या."

वकिलांनी एक व्यवहाराची गोष्ट सांगितली. एवढ्या ठेवीसाठी स्वतंत्र ट्रस्ट काढला तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि दरसालचे हिशेब यांतच व्याज संपेल. त्यापेक्षा शाळा चालवणारी संस्था नोंदलेली आहे, तिच्याकडे कायम ठेव द्यावी, मूळ रकमेला हात लावायचा नाही असे लिहून घ्यावे, आणि मुली निवडायला तिघांची समिती असावी.

"समितीत कोण?" मी विचारले.

"मुख्याध्यापिका, जी कोणी असेल ती. तुम्ही. आणि आमचा धाकटा पुतण्या."

"पुतण्या?"

"त्याला हिशेब येतो. शिवाय आत असला म्हणजे बाहेरून भांडायचा नाही. एकट्याला मात्र सही देऊ नका."

वकील हसले. दानपत्र आताच करायचे की मृत्युपत्रात लिहायचे, हे त्यांनी विचारले. दोराबजींची टायपिन मी काकूंना सांगितली होती. त्यांनी गळ्यातल्या मोहनमाळेला हात लावला.

"ठेव आताच देते. ही मात्र मी जाईतो माझ्या गळ्यात राहील."

"मग दोन कागद करावे लागतील, काकू. ठेवीचे दानपत्र आणि माळेचे, बांगड्यांचे नि खोल्यांचे मृत्युपत्र."

"करा की दोन," काकू म्हणाल्या. "साक्षीदार मी शनिवारी घेऊन येते."